पाहुण्यांना दाखवायचा रस्ता

बैठक कितीही मोठी असो, खिडकीतलं ऊन पिवळं पडायला लागलं की चौगुलेअक्का पिशवीतून डबा काढत. समोर आयुक्त बोलत असले तरी. जैनाघरची बाई, दिवस मावळल्यावर काही खायची नाही, आणि जयसिंगपूरला घरी पोचेपर्यंत अंधार पडणार हे ठरलेलं. एका हाताने भाकरी मोडत आणि दुसऱ्या हाताचं बोट नकाशावर ठेवून त्या म्हणत, "बोला सायेब. तोंड गुतलंय, कान मोकळं हाईत." आयुक्तही पुढे बोलत. दोन वर्षांत तीन आयुक्त बदलले, अक्कांचा डबा कुणी बंद केला नाही.

अक्का महापालिकेच्या वाहतूक विभागात अभियंता होत्या. केंद्राची एक योजना निघाली होती. देशभरातल्या शहरांनी आपापल्या रस्त्यांचे, पदपथांचे, बसथांब्यांचे आराखडे पाठवायचे. समिती येऊन जागा बघणार, निवडक शहरांना निधी देणार, बाकीच्यांनी हात हलवत परत यायचं. कोल्हापूरचा प्रस्ताव तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मूळचा पेठ वडगावचा, नगररचना शिकून पुण्यात नोकरी केलेला. पहिल्याच दिवशी मी अक्कांना राजारामपुरीतल्या रस्त्याचे फोटो मोठ्या अभिमानाने दाखवले.

"हे कुठलं गाव म्हणायचं?" त्यांनी विचारलं. "माणसं गेली कुठं सगळी?"

मी सांगितलं की फोटो पहाटे काढलेत, म्हणजे रस्ता स्वच्छ दिसतो.

"रस्ता दिसतोय, पर अडचण दिसंना. पैसं अडचणीसाठी मागतोय न्हवं आपण, वडगावकर?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वडगावकर झालो. माझं खरं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नाही. दुपारी त्या मला त्याच रस्त्यावर घेऊन गेल्या. एका बाजूला दवाखाने आणि क्लासेस, दुसऱ्या बाजूला बसथांब्याची पत्र्याची शेड. मधे दुचाक्या, रिक्षा आणि टेम्पो अशा चाललेल्या की पलीकडे जायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याने नदीत उतरायचं. दवाखान्यातून निघालेल्या म्हाताऱ्यांना बस गाठायला हा रस्ता ओलांडावा लागे. पदपथ होता, पण त्यावर गाड्या लागलेल्या.

"ही शेड कुणी ठेवली इथं?" मी चिडून विचारलं.

"मी," अक्का म्हणाल्या. "नोकरीतलं पहिलं काम. जागा मोकळी दिसली, ठेवून दिली. माणसं येणार कुठनं, याचा इचारच केला न्हाय. मागच्या गल्लीतल्या मालनमावशी इथंच पडल्या, मोटरसायकलीखाली. पायात सळई हाय. ब्लाउज शिवायच्या, आता मशीन चालवता येत न्हाय." त्यांनी शेडच्या खांबावर हात टेकला. म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आत हे निस्तरायचंय मला." एवढ्या दणकट बाईचा आवाज असा खाली आलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार झाला आणि समिती येणार असं कळलं. मग गाव जागं झालं. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की गोठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं लखलखीत करतात, तेच इथे झालं. भागातल्या तालमीचे अध्यक्ष बाळूनाना यांनी पुढाकार घेतला. नाना माणूस लाखातला, फक्त उत्साह आवरत नाही. समितीच्या दिवशी सकाळीच त्यांच्या पोरांनी रस्त्यावरच्या सगळ्या दुचाक्या उचलून मागच्या गल्लीत नेल्या, भाजीवाल्यांना सुट्टी दिली, रस्ता पाण्याने धुतला आणि दोन्ही टोकांना पोलीस उभे करवले. समितीचे तिघे उतरले, त्यांना फेटे बांधले गेले, हलगी वाजली. प्रमुख अधिकारी मोकळ्या रस्त्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "बहुत अच्छी सड़क है आपकी!"

नानांची छाती फुगली. अक्का डोक्याला हात लावून शेडमध्ये बसल्या.

आम्ही त्या फेरीत बाद झालो. कारण दिलं होतं, गरज पुरेशी दिसत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. अक्कांच्या निवृत्तीला आता थोडेच महिने उरले होते. समितीची तारीख कळताच त्या मला घेऊन थेट तालमीत गेल्या आणि म्हणाल्या, "नाना, यंदा झाडू मारायचा न्हाय."

नाना हादरले. "अक्का, पावणं येणार आन् आमी गाड्या आडव्या लावून ठिवायच्या? लोक त्वांडात शेण घालतील की!"

"डॉक्टर यायच्या आधी ताप उतरवून ठेवतोस काय रं?"

"न्हाय, पर..."

"मग झालं तर. रोज असतंय तसंच ऱ्हाऊ दे."

नानांनी शब्द दिला आणि पाळलाही. समिती आली तेव्हा रस्ता अगदी रोजच्यासारखा होता. हॉर्न, धूर, पदपथावर गाड्या, मेथीच्या पेंढ्या. मला वाटलं, जिंकलो. या वेळी समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, मी स्वतः ओलांडून बघते, आणि त्यांनी रस्त्यावर पाय टाकला.

तेवढ्यात एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि मागे वळून ओरडला, "ए, थांबा रं! पावणं हाईत! जाऊ दे की त्यास्नी!" मागचा टेम्पो थांबला. दुचाक्या थांबल्या. कुणीही न सांगता सगळा रस्ता एकदम थांबला. एकाने तर खाली उतरून मॅडमना हात केला, या, या, सावकाश या. मॅडम ऐटीत पलीकडे गेल्या आणि हसत परत आल्या. म्हणाल्या, इतके सभ्य वाहनचालक मी कुठल्याच शहरात पाहिले नाहीत. नाना बिचारे लाजून हसत होते. मला रडू यायचं बाकी होतं. आमच्या माणसांच्या चांगुलपणानेच आम्हाला दुसऱ्यांदा बुडवलं होतं.

अक्का पुढे झाल्या. पिशवी काखेत मारली आणि सरळ रस्त्यात उतरल्या.

त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. तोच रिक्षावाला भोंगा वाजवत त्यांच्या पुढून गेला. त्या दोन पावलं पुढे सरकल्या, एक मागे आल्या, मग अर्ध्यात अडकल्या. दोन्हीकडून गाड्या घासून जात होत्या. एका दुचाकीच्या हँडलला पिशवीचा बंद अडकला, अक्का गरकन फिरल्या आणि कशाबशा सावरल्या. पलीकडे बस आली, शेडपाशी थांबली आणि निघून गेली. अक्का मधेच उभ्या. आधी मला वाटलं होतं, नाटक करताहेत. मग त्यांचा चेहरा दिसला. त्या घाबरल्या होत्या.

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी नानांना विचारलं, "इनके लिए कोई क्यों नहीं रुकता?"

नाना अगदी सरळपणे म्हणाले, "वो तो घर की हाय ना, म्याडम."

मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग अक्का परत येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

निधी मंजूर झाल्याची बातमी आली तोवर अक्का निवृत्त झाल्या होत्या. त्यानंतर निविदा, हरकती, पाऊस, सगळं यथासांग झालं. शेवटी शेड दवाखान्यांच्या बाजूला आली, पदपथ मोकळा झाला, ओलांडायच्या जागी रस्ता थोडा उंच केला आणि सिग्नल बसला. अक्कांना काळजाचा त्रास सुरू झाला होता. पुढे काही महिन्यांतच त्या गेल्या. पण त्याआधी, सिग्नल नुकताच सुरू झालेला असताना, एका सकाळी त्यांचा फोन आला, "वडगावकर, राजारामपुरीत या."

मी गेलो तर अक्का मालनमावशींना हाताला धरून गल्लीतून येत होत्या. पाय मोडल्यापासून मावशी रस्त्यापलीकडच्या भाजीला कधी गेल्या नव्हत्या. दिवा बदलला, गाड्या थांबल्या. आम्ही तिघं निघालो. मधोमध आल्यावर अक्का थबकल्या आणि समोर बघतच म्हणाल्या, "मावशी, तुमास्नी एक सांगायचं ऱ्हायलंय. तो पहिला थांबा तिकडं मी ठेवलेला."

"ठाऊक हाय की," मावशी म्हणाल्या. "दर दिवाळीला फराळ घेऊन येतीस आन् माझ्या पायाकडं बघत न्हाईस. तवाच वळाकलं." मग त्यांनी अक्कांचा हात ओढला. "चल आता. लाल दिवा पडंल."