कापराच्या लाकडाची पेटी

शन युएलिंग जन्मली तेव्हा तिच्या बापाने अंगणात कापराचं झाड लावलं. चीनमधल्या हूचौकडे मुलगी झाली की लावतातच. झाड कुंपणावरून डोकावू लागलं की स्थळं आणणाऱ्या बायांना कळतं, या घरात मुलगी उजवायची आहे. लग्न ठरलं की त्याच झाडाच्या दोन पेट्या करून मुलीबरोबर पाठवतात. युएलिंगचं झाड कौलांच्या वर गेलं, बाया खेटे घालून थकल्या, आणि ही चाळिशी ओलांडून साप पाळत बसली.

साप म्हणजे मकासाप, इंग्रजीत कॉर्न स्नेक, केशरी आणि बिनविषारी. तिचा बाप, म्हातारा शन, जन्मभर सुतारकाम केलेला. त्याला सापांपेक्षा ते ठेवायच्या प्लास्टिकच्या खणांचाच जास्त राग.

"असल्यात मोजे ठेवतात," तो म्हणायचा.

"आबा, काचेच्या पेटीत ओल टिकत नाही. यात टिकते, आणि धुवायलाही सोपं."

"आणि लाकूड?"

"लाकडाची सगळ्यात उबदार. पण बनवून कोण देतंय?"

ती सहज बोलून गेली, म्हाताऱ्याने मात्र ते मनात धरून ठेवलं. फांद्या कौलं फोडतायत असं सांगून झाड त्याने आदल्या वर्षीच पाडलं होतं. त्या दिवशी युएलिंग जेवली नव्हती. फळ्या मागच्या पडवीत वाळत होत्या. लग्नाचा विषय मी सोडला, तू अशीच राहा, हे लेकीला तोंडाने सांगणं त्याला या जन्मी जमणार नव्हतं. म्हणून तो रंधा घेऊन बसला.

संत्री नावाची तिची मादी पोटुशी होती. आधी दोनदा तिची अंडी वांझ गेलेली. यंदाची अंडी उबून पिल्लं निघाली तर युएलिंगची सगळी उमेद फळाला येणार होती. नेमकं तेव्हाच तिला कामासाठी हांगचौला जावं लागलं.

"आबा, खण उघडायचा नाही. पाणी घालायला तेवढा उघडा."

"कळलं गं बाई. साप नाही, बाळंतीणच ती!"

बस वळणाआड जाते न जाते तोच त्याने पेटी आत आणली. पुढे काच, तळाला ओलं शेवाळ, सांध्यात केस शिरणार नाही असं काम. आत डोकं घातल्यावर वासाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लाकूड अस्सल आहे, म्हणून तो खूश झाला. इथेच घात झाला. त्याने संत्रीला अलगद उचलून पेटीत सोडलं.

पहिल्या दिवशी ती थांबेचना, चारी भिंतींना नुसती घासत फिरत राहिली. मग हवेच्या भोकांशी नाक लावून पडली. "बघतेस काय माझ्याकडे? ओळखलंस वाटतं," म्हातारा हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड उघडंच राहिलं. मान उलटी होऊन छताकडे वळली होती आणि श्वासात बारीक शिट्टी वाजत होती. कळा असतील, त्याने स्वतःची समजूत घातली. तरीही त्याने फोन उचलला. आता सांगितलं तर लेकीला अचानक दाखवायची मजा जाईल, असं वाटून खाली ठेवला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून भोकांवर कापड तेवढं बांधलं.

युएलिंग परतली ती उंबरठ्यावरच थबकली.

"आबा, हा वास कसला?"

"आत तर ये. तुझ्यासाठी केलंय काहीतरी."

तिने पिशवी टाकली, धावत जाऊन कापड ओरबाडलं, काच सरकवली. संत्री हातात आली ती ओल्या दोरीसारखी. अंडी पोटातच राहिली होती.

"आबा, लोक या लाकडाच्या पेट्या कशाला घेतात?"

"कपड्यांना कसर लागत नाही. आत किडामुंगी जगत नाही," म्हणता म्हणता त्याची नजर तिच्या हातातल्या संत्रीवर गेली. शेकडो गिऱ्हाइकांना त्याने हे छातीठोकपणे सांगितलं होतं.

ती ओरडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने पेटीच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं.

"माझंच झाड ना हे?"

म्हाताऱ्याने मान डोलावली.

"एकदा तरी मला विचारायचं होतंत, आबा," ती म्हणाली.