गडूतलं तिसरं मत

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. मताधिकार कुणाला असावा यावर आमच्या शास्त्रात पुष्कळ वाद आहेत — वय किती हवं, मालमत्ता हवी की नको, बायकांना द्यावा की नाही... पण मतदार जिवंत असावा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. भूतखेत, मुंजा, हडळ यांना मी वर्गातही हसायचो आणि घरीही. आई दृष्ट काढायला आली की उठून बाहेर जायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून ‘मास्तर म्हातारपणी बिघडले’ असं कुणी म्हणू नये. म्हटलं तरी आता काय करणार म्हणा.

गोष्ट अमरावतीची. मध्यप्रांत आणि वऱ्हाड तेव्हा एका कारभाराखाली होते आणि आमचं कॉलेज नागपूरच्या युनिव्हर्सिटीला जोडलेलं होतं. राज्यशास्त्राचं डिपार्टमेंट म्हणजे मागच्या अंगाची एक खोली, एक कपाट, तीन खुर्च्या आणि तीन माणसं.

विभागप्रमुख सोहोनी सर पुण्याचे. पत्नी लवकर वारल्या, मूलबाळ नाही. कोटाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. दुसरे गुलाबराव वानखडे सर, पातूरजवळच्या खेड्यातले, घरची काळी जमीन. धोतराचा सोगा कोटाच्या खिशात आणि तपकिरीची डबी दुसऱ्या खिशात. तिसरा मी, सदाशिव, या दोघांचाच विद्यार्थी. माझे वडील अकोल्याच्या बाजारात फुलं आणि भाजी विकायचे. मी प्रोफेसर झालो तेव्हा त्यांनी दोन्ही सरांना झेंडूचे एवढे हार घातले की सोहोनी सरांचा चष्मा दिसेना.

सोहोनी सर आणि वानखडे सर रोज भांडायचे. विषय ठरलेला — वऱ्हाड कुणाचं? कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा, कचेरी नागपूरला. सोहोनी सर करारांची कलमं काढायचे. वानखडे सर शांतपणे ऐकून घ्यायचे, तपकिरीची चिमूट ओढायचे आणि म्हणायचे, ‘‘पेरते कोण?’’ की झालं, सोहोनी सरांचा पारा चढायचा. त्यातच तपकिरीनं त्यांना शिंका सुरू व्हायच्या. शिंकत शिंकत सार्वभौमत्व समजावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि भांडण संपलं की दोघं एकाच डब्यातून जेवायचे. वानखडे सरांच्या मंडळी रोज दोघांपुरत्या भाकरी द्यायच्या. सोहोनी सर रोज म्हणायचे, ‘उगाच त्रास.’ आणि भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्याला लावून संपवायचे.

आता आमच्या डिपार्टमेंटची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट मताला टाकायची. हजेरी आधी घ्यायची की तास संपताना, पोरांची सहल चिखलदऱ्याला न्यायची की कौंडण्यपूरला, फार काय, चहाबरोबर भजी मागवायची की शेव. लोकशाही शिकवतो तर ती खोलीतही पाहिजे, हे वानखडे सरांचं म्हणणं. त्यांनीच घरून तांब्याचा गडू आणला होता. ‘हो’ म्हणायचं तर त्यात चिंचोका टाकायचा, ‘नाही’ म्हणायचं तर सीताफळाची बी. कपाटाआड जाऊन एकेकानं टाकायचं. नियम सोहोनी सरांचे — मतदानाआधी गडू सगळ्यांसमोर उपडा करून रिकामा असल्याचं दाखवायचं, आणि मतं सारखी पडली तर प्रमुखाचं मत निर्णायक.

मतदान गुप्त होतं. म्हणजे तसं आम्ही धरून चालायचो. सोहोनी सर आणि मी कपाटातल्या डब्यातून चिंचोके-बिया घ्यायचो. वानखडे सर मात्र आपले स्वतःचे खिशात बाळगायचे, तपकिरीच्या डबीशेजारी. डबीचं झाकण ढिलं. त्यामुळे त्यांचं मत नेहमी तपकिरीनं माखलेलं बाहेर यायचं आणि गडू उपडा करता करता सोहोनी सर शिंकायचे. तीन प्राध्यापक, गुप्त मतदानावर तासन्‌तास बोलणारे, आणि तिघांनाही प्रत्येक वेळी कळायचं की गुलाबरावांनी काय मत दिलं. पण तसं कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

एकदा मात्र गंमत झाली. भज्यांचा ठराव पडला आणि मी नवखेपणानं म्हणालो, ‘‘वानखडे सर, तुम्हीच विरोधात गेलात ना?’’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘गडूत पडलं ते मत, सदाशिव. कोणाचं, हे इचाराचं नाई. इचारलं की मंग ते मत नाई राह्यत, पंचनामा होते.’’ सोहोनी सरांनी मान डोलावली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत वानखडे सर गावी गेले आणि तिथेच ताप येऊन गेले. मी अकोल्याला होतो म्हणून मला कळलं, जाता आलं. सोहोनी सर पुण्याला पुतण्याकडे होते. निरोप पोचला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

कॉलेज उघडलं तेव्हा सोहोनी सर आले, पण पुरते आले नाहीत असंच म्हणावं लागेल. तास घ्यायचे, खोलीत येऊन बसायचे. समोरची खुर्ची रिकामी. वानखडे सरांच्या मुलानं कपाटातलं त्यांचं सामान नेलं — पुस्तकं, टोपी, तपकिरीची जादा डबीसुद्धा. गडू तेवढा ‘डिपार्टमेंटचा आहे’ म्हणून ठेवून गेला. सर खानावळीत जेवायला लागले आणि दिसायला लागले की जेवत नाहीत. वर्गात वऱ्हाडचा प्रश्न आला की तो भाग सोडून पुढे जायचे.

पोळा जवळ आला होता तेव्हाची दुपार. तास संपले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. सरांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मला तेव्हाच धसका बसला.

‘‘सदाशिव, मी राजीनामा देतोय,’’ ते म्हणाले. ‘‘पुतण्याच्या घरी एक खोली आहे.’’

मी परोपरीनं सांगून पाहिलं. तुम्ही गेल्यावर एका माणसाचं डिपार्टमेंट कोण ठेवील, इतिहासवाले आपल्याला गिळून टाकतील. पुतण्याच्या घरी तुम्ही पाहुणे, इथे तुमची शेकडो पोरं आहेत... खरं कारण सांगायला मात्र जीभ रेटेना. खरं कारण एवढंच होतं, की वानखडे सर गेले तेव्हा एक बाप गेला होता आणि दुसरा जाऊ नये असं मला वाटत होतं. पुण्याला त्या खोलीत सर फार दिवस काढणार नाहीत, हेही मला दिसत होतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘रीतीनं करू. मताला टाकू.’’

मतदार दोघं. ते ‘हो’ म्हणणार, मी ‘नाही’. बरोबरी झाली की निर्णायक मत त्यांचं. निकाल मला आधीच माहीत होता, त्यांनाही होता. पण रीत मोडून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांनी गडू उचलला, माझ्यासमोर उपडा केला, तळावर थापही मारली. रिकामा. मी कपाटाआड जाऊन एक बी टाकली. मग सर गेले. परत येऊन गडू टेबलावर ठेवला आणि जरा वेळ त्यावर हात ठेवून बसले.

मग त्यांनी तो उपडा केला, आणि सरांना शिंक आली.

एक, मग लगेच दुसरी. चष्मा नाकावरून घसरला. शिंकांवर शिंका येत होत्या आणि मी टेबलाकडे बघत होतो. एक चिंचोका. एक सीताफळाची बी, चकचकीत काळी. आणि तिच्याशेजारी आणखी एक बी, तपकिरीनं माखलेली.

वास सगळ्या खोलीभर झाला. मी खोटं सांगत नाही — मला भीती वाटली नाही. डोळे भरून आले एवढंच.

सरांनी चष्मा नीट केला. ‘‘मोज,’’ म्हणाले.

‘‘एक हो, सर. दोन नाही.’’

‘‘मतदार किती होते?’’

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. सरही तिकडेच पाहत होते. मला वाटलं, आता हा नियमांचा माणूस म्हणणार, मतदान रद्द.

सरांनी ती माखलेली बी उचलली, रुमालात ठेवली आणि घडी घातली. इतकी वर्षं अमरावतीत राहून ज्यांच्या तोंडून वऱ्हाडीचा एक शब्द कधी निघाला नव्हता, ‘मले-तुले’ म्हणणाऱ्या पोरांना जे उभं करायचे, ते सोहोनी सर हळूच म्हणाले —

‘‘गडूत पडलं ते मत. कोणाचं, हे इचाराचं नाई.’’

आणि टेबलावर डोकं टेकून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. विद्यार्थ्यानं गुरूच्या पाठीवर हात ठेवू नये वगैरे काही तेव्हा सुचलं नाही.

सर गेले नाहीत. माझ्या घरून डबा यायला लागला, त्यालाही ‘उगाच त्रास’ म्हणून झालं. वऱ्हाडचा प्रश्न ते पुन्हा शिकवू लागले, आणि करारांची सगळी कलमं सांगून झाली की पोरांना विचारायचे, ‘‘ठीक आहे. पण पेरतं कोण?’’

मी पुढे विचार करून करून दमलो. त्या डब्यातल्या सगळ्या बिया काढून पाहिल्या, एकीलाही तपकीर नव्हती. शेवटी मनाशी ठरवलं की दुसरी बी सरांनीच टाकली असणार. ‘हो’ही त्यांचंच आणि ‘नाही’ही त्यांचंच. जायचं होतं आणि राहायचंही होतं. तपकीर कुठून आणली, हे मी स्वतःला विचारलं नाही. या समजुतीवर माझी बरीच वर्षं सुखात गेली.

सर निवृत्त होऊन पुण्याला निघाले तेव्हा मी बडनेऱ्याला पोचवायला गेलो. गाडी उभी होती. खिडकीतून वाकून ते म्हणाले, ‘‘सदाशिव, आज एक नियम मोडतो. त्या दिवशी दुसरी बी तूच टाकलीस ना? मला थांबवायला? मी कधी रागावलो नाही हो त्याबद्दल. फार उपकार झाले तुझे.’’

‘‘सर,’’ मी म्हणालो, ‘‘मी समजत होतो, तुम्ही टाकलीत.’’

त्यांनी हळूहळू नकारार्थी मान हलवली. मीही हलवली. खोटं बोलायचं वय दोघांचंही राहिलं नव्हतं, आणि सर तर कधीच बोलले नव्हते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून ती रुमालाची घडी काढली आणि माझ्या हातात दिली. ‘‘ठेव,’’ म्हणाले. ‘‘डिपार्टमेंटची आहे.’’

बी अजून माझ्याकडे आहे. तपकीर कधीच उडून गेली. वासही नाही. मला याचा उलगडा तेव्हा झाला नाही आणि आजही नाही, आणि जो काही होईल तो मला आवडेल असंही वाटत नाही.

गाडी हलली. डबा थोडा पुढे गेला असेल, तेवढ्यात सरांची शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग त्यांचं हसणं. त्या डब्यात तपकीर ओढणारं कुणी बसलं असेलही... मी वाकून पाहिलं नाही.