पाय धुतलेलं पाणी

एका गाडीत सात माणसं अकरा दिवस बसली की माणसागणिक वेगळा वास उरत नाही, सगळ्यांचा मिळून एकच होतो. आमच्या गाडीच्या वासात शिळे धपाटे होते, पायमोजे होते, जबलपूरच्या अलीकडे पुतण्यानं केलेली ओकारी होती, ती झाकायला वहिनीनं शिंपडलेलं गुलाबपाणी होतं आणि डिकीतल्या कॅनमधून हळूहळू पाझरणारी गंगाही होती. काशी, प्रयाग, अयोध्या करून आम्ही नागपूरमार्गे घरी परतत होतो. शेवटच्या दिवशी आम्ही एकमेकांशी फक्त काच वर-खाली करण्यापुरतं बोलत होतो.

यात्रा आईच्या इच्छेसाठी निघाली, असं आम्ही सगळीकडे सांगितलं होतं. आईची इच्छा होती हे खरंच. पण तिला आगगाडीनं जायचं होतं, आणि गुपचूप. गाडी, सामानावरचा भगवा झेंडा आणि रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाणारे फोटो हे थोरल्या भावाचं. दादाचं औरंगपुऱ्यात स्टेशनरीचं दुकान आहे आणि डोक्यात वॉर्डाची निवडणूक.

शहर आलं तसं त्यानं गाडी एका पेट्रोल पंपावर घातली. आम्हाला वाटलं, लघवीला. तो बाथरूममध्ये गेला आणि कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून बाहेर आला.

"हलगीवाले अजून चौकातच हायेत," तो म्हणाला. "आपण आधी पोचलो तर सगळं मुसळ केरात."

म्हणून घरापासून दहा मिनिटांवर आम्ही चाळीस मिनिटं उन्हात बसलो. आईनं एकदा विचारलं, "टायर गेलंय का?"

कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्स होता. काशीयात्रा यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल मातोश्रींचे हार्दिक स्वागत. या यात्रेत नापास होऊन कोण परत येतं, ते मला माहीत नाही. फ्लेक्सवर दादा गुडघ्यापर्यंत होता, हात जोडून. मातोश्री वर कोपऱ्यातल्या एका गोलात, आधार कार्डावरच्या चेहऱ्यानं. शेजारच्या गोलात विश्वनाथ.

हलगी वाजली. गेटापाशी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पुढं तांब्याची परात ठेवली. काशीहून आलेल्या माणसाचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. दादा ओरडला, "अरे, पाणी आण!" मी हौदाची मोटर लावली आणि अंगणातल्या नळाखाली बादली धरली.

या पाण्याबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तासभर. ती पाळी चुकली की पुढचा आठवडा टँकरच्या मागं पळण्यात जातो. म्हणून निघताना मी नळाला पाइप जोडून तो जमिनीतल्या हौदात सोडला होता आणि पाळीच्या दिवशी कॉक फिरवायचं शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं. पाइपमुळं हौदाचं झाकण पुरतं बसत नव्हतं. मी ते वीतभर उघडं ठेवून त्यावर वीट ठेवली. "याचं डोकं मानलं पाहिजे," असं तेव्हा दादानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. दादानं माझं कौतुक केल्याची ही एवढीच नोंद आहे.

तर मी बादली दिली. बायकांनी आईचे पाय धुतले. अकरा दिवस चपलेत सुजलेले पाय. पाणी लगेच मळकट झालं. त्यात हळद-कुंकू पडलं. मग एकेकीनं ते तळहातावर घेतलं. बऱ्याच जणींनी डोळ्याला लावलं, काही जणी मात्र प्यायल्या. शेजारच्या वहिनी पदराखालून औषधाची रिकामी बाटली काढून म्हणाल्या, "सासूबाईंसाठी नेते, भाऊजी. चार दिवस पोटानं लई बेजार होत्या, कालच दवाखान्यातून आणलंय. तेवढंच पुण्य."

मग सगळ्यांना चहा झाला. आईनं दोन कप घेतला. लोक गेले. आम्ही पाळीपाळीनं आंघोळी केल्या.

इथं मला पहिल्यांदा शंका आली, कारण आंघोळीनंतर वास वाढला. दारातच बायको म्हणाली, "तुम्ही साबण लावला नाय का?" मी तिलाच ते विचारणार होतो. पुतण्याला पुन्हा न्हाणीत ढकललं, तो आणखी वास घेऊन बाहेर आला. घरातली सगळी माणसं एकमेकांना हुंगत होती. अकरा दिवस स्वतःचीच घाण हुंगून आमची नाकं इतकी निबर झाली होती, की बादलीतल्या पाण्याला वास आहे हे गेटापाशी कळलंच नव्हतं.

मी हौदाचं झाकण सरकवलं. पाण्यावर कबुतर होतं. कबुतर म्हणायचं ते पिसांवरून. फुगून त्याचा आकार गेला होता, एक पंख सुटून बाजूला तरंगत होता आणि पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग आला होता. त्यात बारीक पांढरं काही वळवळत होतं. मी नीट पाहिलं नाही. पाहिलं, पण ते इथं लिहीत नाही.

कोपऱ्यात जाऊन मी चहा ओकलो. मग दादाला बोलावलं.

त्यानं कुर्त्याची बाही नाकाला लावून आत पाहिलं. "कोणाकोणाला म्हाईतंय?"

"तुला आन् मला."

"मग झालं तर." तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, उद्या मावंदं हाय. काशी करून आल्यावर जेवण घालावंच लागतं. शंभर माणूस सांगितलंय, पक्षाचे साहेब येणारेत. कबुतर काढ, तुरटी फिरव, ब्लीचिंग टाक. आन् वरून गडूभर गंगा वत. पाच कॅन कशाला आणल्यात?"

"लोकांनी पिलंय ते, दादा."

"पिलं तर पिलं. झाकण कुणी उघडं ठेवलं?"

खरं सांगायचं तर मला त्याचं पटायला लागलं होतं. दोघांच्या तोंडाला कुलूप, तुरटीचा खडा आणि झालं. मी काठी आणायला वळलोही. आणि ती बाटली आठवली. कालच दवाखान्यातून आलेली म्हातारी.

"शेजारी सांगून येतो," मी म्हणालो.

"तू त्या घरात गेला की कॉलनीभर होईल. माझ्या फ्लेक्सखाली उभं राहून हसतील लोक!"

शेजारच्या दारापर्यंत वीस पावलं आहेत. तेवढ्यात मी एक थाप शोधली: बाटलीत चुकून दुसरंच पाणी गेलं, खरी गंगा ही घ्या. पण गंगेचे कॅन मीच भरले होते, आणि भरताना हाताला काय काय लागलं ते मला आठवत होतं. बदली द्यायलाही स्वच्छ असं काही माझ्याकडे नव्हतं.

म्हातारी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उशाशी स्टुलावर बाटली होती, रिकामी.

"मावशी," मी बाटलीकडे बघत विचारलं, "पिलं तुम्ही?"

"काय?"

"आईच्या पायाचं पाणी."

"मी?" ती ताठ झाली. "तुझ्या मायच्या पायाचं पाणी मी पिऊ? माझ्या पोळ्या जाड असतेत म्हणून सगळ्या कॉलनीत सांगत फिरली ती. काशीला जाऊ दे नायतर चंद्रावर, पाय तेच हायेत. तुळशीत वतायला लावलं मी."

वहिनी दारात मान खाली घालून उभ्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, झाकण, वीट, कबुतर. वहिनी तोंडाला पदर लावून मोरीकडे धावल्या. म्हातारी मात्र हसायला लागली. हसता हसता खोकली, पोट धरून पुन्हा हसली.

"तिनं पिलं का?"

"चहा घेतला."

"किती?"

"दोन कप."

"बरं झालं," असं म्हणून ती समाधानानं आडवी झाली.

घरी आलो तर आई ओट्यावर बसून होती. दादा तिच्याशी साहेबांच्या हाराबद्दल बोलत होता. मी त्याच्याकडे न बघता तिला सांगितलं. कबुतराचं ऐकताना तिनं एकदा पोटावरून हात फिरवला.

"उद्याचं मोडा," ती म्हणाली. "फोन लावा सगळ्यांला. आज पिलेल्यांला आधी."

"आईला बरं नाय म्हणून सांगतो," दादा म्हणाला.

"मला काय धाड भरलीय? कबुतर मेलं म्हण." मग ती माझ्याकडे वळली. "म्हातारीनं पिलं का?"

"नाय. तुळशीत ओतलं."

"का?"

मी पोळ्यांचं सांगितलं. आईचा चेहरा लालबुंद झाला. मेलेल्या पाण्याचा चहा पचवलेली माझी आई उठली, गाडीतली उरलेली विकतची बाटली घेऊन तिनं दोनदा चूळ भरली, सुजलेल्या पायांत चपला सरकवल्या आणि गेटाकडे निघाली.

"आता कुठं?" दादानं विचारलं. त्याचा पहिला फोन लागला होता.

"तिची खबर घ्यायला," आई म्हणाली. "आन् पोळ्या जाडच असायच्या तिच्या. आजबी सांगते."

मी काठी आणि बादली घेऊन हौदाशी बसलो. पहिल्याच खेपेला पंख वर आला. मागं दादा फोनवर म्हणत होता, "नाय हो, कबुतर. क-बु-तर," आणि भिंतीपलीकडून दोन म्हाताऱ्यांचा चढलेला आवाज येत होता. त्यातली आजारी कोणती, ते काही मला ओळखता येईना.