दादाच्या दोन हाका

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगते, वाचून हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी येऊन बसतं... मी अकोल्यात तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. भुतंखेतं, अंगात येणं, उतारे टाकणं हे सगळं आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढलं. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण गेला महिनाभर हे पोटात ठेवून बसले आहे आणि आता ते तिथे राहायला तयार नाही. तेव्हा वाचा, हसायचं असेल तर हसा. मीही हसलेच होते की.

माझी मुलगी पल्लवी नोकरीसाठी नैरोबीला असते. या डिसेंबरात तिनं मला आणि मिस्टरांना बोलावून घेतलं आणि मसाई मारात एका सफारी कॅम्पमध्ये चार दिवस ठेवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला मी जाताना अमरावतीला धाकट्या भावाकडे पोचवून आले. एरवी ती माझ्याकडेच असते.

कॅम्प नदीच्या काठावर. नदी म्हणजे आपल्याकडचा भरलेला नाला म्हणा, पण त्यात पाणघोडे. ताडपत्रीचे मोठाले तंबू, आत पलंग, गरम पाणी, सगळं. नियम एकच — एकट्यानं तंबूपासून लांब जायचं नाही, कारण कुंपण नाही. सकाळी आणि दुपारी चारनंतर जीपमधून फिरायचं, मधल्या वेळात जेवायचं आणि पडून राहायचं. आमच्या गाइडचं नाव डॅनियल. मसाई, पस्तिशीचा, शांत माणूस. तो मला 'मामा' म्हणायचा. पहिल्या दिवशी मी पल्लवीला विचारलं, हा कुणाचा भाचा? तेव्हा कळलं, तिकडे आईच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात.

सिंह पाहिले, हत्ती पाहिले, झेब्रे तर इतके की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मान वळेनाशी झाली. नजर जाईल तिथपर्यंत पिवळं गवत, आपल्याकडच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या पडीक जमिनीसारखं, पण संपतच नाही. आमच्या मिस्टरांनी एलँड नावाचं मोठं हरीण पाहिलं आणि जीपमध्ये उभेच राहिले.

"अरे, हे तं आपलं रोही हाय! तिकडं याले हाकलाले आपण फटाके फोडतो, अन् इथं दुर्बीण लावून पाहून रायलो."

रोही म्हणजे आमच्याकडची नीलगाय. डॅनियलला मी याचं इंग्रजी करून सांगितलं. तो पोट धरून हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मिस्टर कानाचं मशीन काढून झोपले होते. पल्लवी तिच्या तंबूत. मी बाहेर खुर्चीत, नदीपलीकडचे झेब्रे पाहत बसले होते. वारा पडलेला. ऊन चांगलंच, पण बोचणारं नाही.

आणि नदीपलीकडून हाक आली.

"होऽऽ... होऽऽय!"

इथे थोडं मागे जावं लागेल. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आमचं गाव, तीन एकर शेत. ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की पाखरं राखायला आम्ही भावंडं सुट्टीच्या दिवशी शेतात जायचो. एका टोकाच्या मचाणावर दादा, दुसऱ्या टोकाच्या मचाणावर मी. तो पंधरा वर्षांचा, मी अकराची. मधे डोक्याच्या वर गेलेली ज्वारी. मचाणावरून खाली उतरलं की कुणी कुणाला दिसायचं नाही. म्हणून बाबांनी नियम घालून दिला होता — थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली नाही, तर दुसऱ्या हाकेनंतर उतरून जाऊन पाहायचं. आणि हाक ऐकली की हातातलं काहीही असो, ओ द्यायचीच. आमच्याकडे सगळीच शेतं अशी राखत. त्यात विशेष काही नाही.

दादाचा आवाज त्या वर्षी फुटत होता. 'होऽऽय' म्हणताना शेवटी तो चिरकायचा आणि मी त्याला चिडवायची. एका दिवशी मात्र त्यानंच मला चिडवलं होतं. गोफणीतून माझा दगड पाखरांवर न जाता मागे गेला, आणि तो लोळून लोळून हसला होता. शिवाय पाण्याचा गडवा दोनदा मीच त्याच्याकडे नेऊन दिला होता. दुपारी त्याची हाक आली. मला वाटलं, पाणीच पाहिजे असणार. मी काय याची नोकर आहे? मी तोंड मिटून बसले. थोड्या वेळानं दुसरी हाक आली. मी तेव्हाही ओ दिली नाही.

तिसरी आलीच नाही.

संध्याकाळी बाबांना तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सापडला. गोफणीसाठी दगड गोळा करायला उतरला होता, साप डसला होता. बाबांनी मला विचारलं, "बेबी, हाक मारली होती काय त्यानं?" आई शेजारीच उभी होती, गप्प.

मी म्हटलं, "नाही."

एवढाच एक शब्द. पन्नास वर्षं झाली त्याला. मिस्टरांना माहीत नाही, पोरीला माहीत नाही. आणि आई दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत एकदा तरी म्हणायचीच — "माया पोरानं हाक काहून नाही मारली वं? जवळच तं होतो आपण." मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी!

तर आता पुन्हा मसाई मारात या.

हाक ऐकली आणि मी हललेही नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं स्वतःला म्हटलं. पण मी झोपलेली नव्हते... आणि पलीकडच्या झेब्र्यांनी, चरता चरता, सगळ्यांनी एकदम माना वर केल्या होत्या. सगळे एकाच दिशेला पाहत होते. तिथे एक एकटं बाभळीसारखं झाड होतं आणि गवत. दुसरं काही नाही.

पायवाटेवरून डॅनियल भराभर येताना दिसला. हातात वायरलेस.

"मामा, तुम्हीही ऐकलं? कोणीतरी हाक मारतोय."

मी विचारलं, "तरस असेल ना?" तरस तसं ओरडतं हे मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. विज्ञानाची बाई आहे मी, आधी तेच सुचलं.

तो म्हणाला, "तरसाचा आवाज मी आईच्या दुधाबरोबर ऐकलाय. हा मुलगा आहे. मोठा होत असलेला मुलगा." मग काळजीनं पलीकडे पाहत म्हणाला, "पण तिकडे पायी जायला कुणालाच परवानगी नाही. गुराख्यांनाही नाही. सकाळीच तिकडे सिंहीण होती."

मोठा होत असलेला मुलगा... मी त्याला दादाबद्दल एक अक्षर बोललेले नव्हते.

तेवढ्यात दुसरी आली. "होऽऽ... होऽऽय!" आणि शेवटी आवाज चिरकला. तसाच.

मी कधी उठले, कधी काठाशी गेले, आठवत नाही. डॅनियलनं माझा दंड धरलेला आठवतो. मी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडले, "ओऽऽऽऽ!" बासष्टाव्या वर्षी, साडी नेसून, पाणघोड्यांसमोर. घसा फाटेल असा तो आवाज माझ्यातून आला, आणि मग मला रडू फुटलं.

त्यानंतर काहीही नाही. झेब्र्यांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागले. मिस्टर मशीन हातात घेऊन बाहेर आले. "काय झालं? कोण पडलं?" पल्लवी धावत आली. मी तिला एवढंच म्हटलं, की पलीकडून कसला तरी आवाज आला आणि मी घाबरले.

डॅनियल दुसऱ्या एका माणसाला घेऊन जीपनं पलीकडे जाऊन आला. तासभर शोधलं. काठावरच्या ओल्या मातीत झेब्र्यांचे खूर होते, माणसाचं पाऊल एकही नव्हतं. आजूबाजूच्या कॅम्पांमधून कुणी हरवलेलंही नव्हतं. संध्याकाळच्या फेरीनंतर तो उतरताना हळूच म्हणाला, "मामा, आम्ही लहानपणी गुरं राखायचो. हाकेला उत्तर दिलं नाही तर हाक मारणारा तिथेच थांबून राहतो. बरं झालं तुम्ही दिलंत." आपल्या लहानपणाबद्दलच बोलत होता बिचारा. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी आईला आणायला अमरावतीला गेले. भाऊ आणि वहिनी कामावर गेलेले. आई गॅलरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती.

"वाघ पाह्यला का?"

"तिकडं वाघ नसतो आई, सिंह असतो."

"मंग काय गेली एवढ्या दूर? वाघ तं मेळघाटात बी हाय."

मी तिच्यासमोर बसले, शेंगा घेतल्या. कबुली द्यायची असं काही ठरवून गेले नव्हते. उलट नाहीच सांगायचं, असं ठरवलं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिच्या जिवाला कशाला घोर? पण तोंडातून निघून गेलं.

"आई, तिकडं दुपारी मले दादाची हाक आयकू आली."

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. टोपल्याकडे पाहत म्हणाली,

"दोन डाव?"

हाका दोन होत्या हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ना आत्ताच्या, ना तेव्हाच्या.

"तुले कसं मालूम?"

"मी धुऱ्याच्या अलीकडं कापूस वेचून रायली होती तवा. पयली आयकली. म्हनलं, बेबी हाय मचाणावर, ते देईन ओ. दुसरी आयकली, तवाबी तेच म्हनलं. कापसाची ओटी भरत आली होती, तेवढी रिकामी करू अन् मंग जाऊ..." तिनं एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "नाई गेली."

मी विचारलं, "मंग जनमभर तू काहून म्हणत रायली, त्यानं हाक नाई मारली म्हणून?"

"हाक नाई मारली म्हनलं की कोणाचाच दोष नाई रायत. ना तुया, ना माया."

"पण मी आयकली होती हे तुले..."

"तू मचाणावर होती बेबी. मी खाली वाकून आयकली, तुले वर बसून नाई येईन काय आयकू?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "अकरा वर्साचं लेकरू होती तू. तुया बापानं इचारलं अन् तू नाई म्हनलं. मंग मी बी नाईच म्हणत रायली."

पन्नास वर्षं मला वाटत होतं की तो प्रश्न मला टोचण्यासाठीच जन्माला आलाय. आणि ती मला त्यानं झाकत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, सगळ्या शेंगा सांडल्या. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली,

"तिकडं देल्ली काय ओ?"

"देल्ली. दुसऱ्या हाकेले."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"बरं केलं," ती म्हणाली आणि सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली.

आता तुम्ही कारणं सांगाल. मीही शोधली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, मान्य. मनातलं पाप कानात वाजलं, तेही मान्य. मग डॅनियलच्या कानात काय वाजलं? झेब्र्यांनी माना का वर केल्या? वर्गात फळ्यावर हे लिहायची वेळ आली असती तर मी प्रश्नचिन्ह काढून खडू खाली ठेवला असता.

आई सध्या अकोल्याला माझ्याकडेच आहे. हुरड्याचे दिवस अजून संपलेले नाहीत, पण तो प्रश्न तिनं पुन्हा विचारलेला नाही. एक नवीन सवय लागली आहे तिला — घरात कुणीही कुणाला हाक मारली की आधी तीच ओ देते. मिस्टर मला बोलावतात, ओ तिची येते. आम्ही हसतो, तीही हसते.

परवा दुपारी मिस्टर बँकेत गेले होते. मी स्वयंपाकघरात, आई आतल्या खोलीत पडलेली. टीव्ही बंद, रस्त्यावर कुणी नाही. कुणीही हाक मारली नव्हती. मी तरी काही ऐकलं नव्हतं.

आतून आईची ओ आली. मोठ्यानं, शेतातल्यासारखी. थोड्या वेळानं आणखी एकदा.

मी दारापर्यंत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, चेहरा शांत होता. परत येऊन चहाचं आधण ठेवलं.