हप्ता ज्याचा त्याचा

“पैसा तुमच्या घरात कवा येतो, अन् कवा पळतो?”

कळमनुरीचे ते दुकानदार काका गिऱ्हाइकाला आधी हेच विचारायचे. टोपी मागे सरकवायची, चहा मागवायचा आणि मग हा सवाल. शिलाई मशीन दाखवायची ती नंतर.

मशीन ते हप्त्यावर देत. पण एकाचा हप्ता दुसऱ्यासारखा नसे. हळदवाल्याने हळद विकल्यावर द्यायचा, मजुराने बाजाराच्या दिवशी. एका गुरुजींना तर त्यांनी चक्क परत पाठवलं. “तुमचा पगार बराबर एक तारखेला. नांदेडला जा. तिथं दर महिन्याला सारखा हप्ता हाय, स्वस्त पडंल.”

आतून काकू ओरडल्या, “असंच गिऱ्हाईक हाकलत राहा!”

माझं नवं लग्न झालं होतं. आमचे हे वारंगा फाट्यावरून ट्रक चालवत. हात भलता सढळ. भाडं मिळालं की फाट्यावर सगळ्यांना भजी. मला मात्र मशीन हवी होती. स्वतःची.

“काका, नांदेडची मशीन स्वस्त हाय म्हणतेत,” हे म्हणाले.

“हाय ना. पण ट्रक बंद पडला तर? तिथं हप्ता चुकला की मशीन उचलून नेतेत.” मग काका माझ्याकडे वळले. “पोरी, शिवणार कोण?”

“मी.”

“मंग हप्ता ह्याच्या ट्रकचा काहून? तुझ्या शिलाईचा ठेवू. लगीनसराईत जास्त दे, दिवाळीला जास्त दे. आषाढात कोण कापड शिवतं? आषाढात काहीच देऊ नको.”

यांचं तोंड उतरलं. “म्हंजे माझा भरवसा न्हाई?”

“तुझा हाय. भज्यांचा न्हाई!”

सगळ्यात मोठ्याने हेच हसले. पैशाच्या गोष्टीत मला कोणी काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

आणि बघा, त्याच आषाढात ट्रकचं इंजिन गेलं. हे घरी बसले. पण मशीन जागची हलली नाही. रिकाम्या दिवसांत मी चिंध्या जोडून लेकरांची झबली शिवली, यांनी ती बाजारात ओरडून विकली. दिवाळीला शेवटचा हप्ता फिटला.

काकांनी हिरव्या पट्ट्यांचं कापड पुढे केलं. “आता मशीन तुझी. पैला सदरा माझा शिव.”

तोवर मी मोठ्या माणसाचा सदरा शिवलाच नव्हता. एक बाही लांब झाली. मी रडायचीच बाकी होते. “काका, उसवून देते.”

“हात लावू नको!”

पुढे ते हिंगोलीला लेकाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. दुकानात आता पाइप विकतात. पण मला काका दिसतात ते त्या सदऱ्यातले, बाजाराच्या दिवशीचे. मिरच्यांच्या ढिगांमधून दोन्ही हात पसरून चाललेले, एका हाताची बोटं बाहीत पार बुडालेली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगताहेत, “शिलाई बघा, शिलाई! हातच माझा आखूड हाय!”