ओहोटीत बसलेली बोट

"ताई, बोट हालत नाय," किसन धापा टाकत म्हणाला.

मी तेव्हा कॅम्पवर राहायला आलेल्या दामले काकांचा उजवा हात उचलून पाहत होते. सोडला की खाली पडत होता. तोंड एका बाजूला झुकलेलं, शब्द फुटत नव्हता. चहाची बशी निसटली तशी काकूंनी मला हाक मारली होती. फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात: चेहरा, हात, बोलणं. तिन्ही बिघडलं तर स्ट्रोक समजायचा आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं.

हॉस्पिटल समोरच्या किनाऱ्यावर. आम्ही बेटावर.

मी हॉलिडे कॅम्पची मॅनेजर आहे, राहणार वाशिंद. शेठचं ऑफिस शहापूरला, त्यामुळे स्टाफ बहुतेक शहापूर-मुरबाडचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकण किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटावर आम्ही तंबूंचं गाव उभारतो आणि पावसाआधी उचलतो. बेटावर दुकान नाही, डॉक्टर नाही. जे येतं-जातं ते बोटीने. म्हणून माझ्या रोजच्या चेकलिस्टमध्ये बोट पहिली.

नेहमीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा तिथला कोळी, भाचीच्या लग्नाला गेला होता. बदलीवर किसन. भातसानगरचा माणूस, धरणात वर्षानुवर्षं बोट चालवलेली. पाण्याचे जार उतरवायला त्याने बोट थेट किनाऱ्याला लावली, दोर खुंटाला बांधला आणि जेवायला गेला. धरणावर असंच करतात. तिथेही उन्हाळ्यात पाणी उतरतं, पण इतकं सावकाश, की सकाळी बांधलेली बोट संध्याकाळी तरंगतच असते. इथे नुकतीच पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. किसनच्या डोक्याला ओहोटी माहीत होती, हाताला नव्हती.

"ढकलून पाहिली?"

"समद्यांनी ढकलली. चिखलात रुतलीय. भरतीबिगर नाय निघायची."

"भरती कधी?"

तो खाली बघत म्हणाला, "आता मध्यरातीला."

शेठना फोन लावला. ते म्हणाले, "हेलिकॉप्टरची चौकशी करू का?"

"शेठ, तुम्ही समोरच्या जेट्टीवर अँब्युलन्स उभी करा. बाकी मी बघते."

दुसरा फोन तांडेलला. लग्नाच्या मांडवातून त्याने भावाला होडी घेऊन पाठवलं. पण होडी येणार चिखलाच्या कडेपर्यंतच. मधला सगळा पट्टा पोटरीभर चिखलाचा. आमच्याकडे चाकांचं स्ट्रेचर होतं. चिखलात चाकं काय कामाची?

किचनमधल्या जानूने तंबूचा बांबू उपसला, चादर दुहेरी केली. तो मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा. "झोळी करतो. आमच्यात बाळंतीणबी अशीच उतरवतो. रस्ता कुठं हाय?"

"एवढ्या चिखलातून?"

"आवणीला काय गालिच्यावर चालतो का, ताई?"

काकू म्हणाल्या, "निघण्याआधी घोटभर पाणी तरी पाजते."

"नको काकू, घशात अडकेल. चपला काढा, चला."

पुढे किसन, मागे जानू, दोन्ही बाजूंना आधाराला पोरं. आवणीची, म्हणजे भातलावणीची, सवय असलेले पाय. टाच न रोवता, पाऊल तिरकं काढत चालले. एकदाही झोळी कलली नाही. मीच दोनदा पडले. काका घाबरून डावा हात झाडू लागले तेव्हा जानू म्हणाला, "काका, हालू नका. आज तुमी नवरदेव हाय."

काकू रडता रडता म्हणाल्या, "मग घोडे तरी सांभाळून चालवा रे."

खांदा बदलायला दुसरा पुढे आला, तर किसनने दिला नाही. होडीपर्यंत त्यानेच नेलं.

काका वाचले. बोलणं हळूहळू आलं. उजवा हात आला नाही. त्या दिवशी डॉक्टर कॉरिडॉरमध्ये एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." ते वाक्य मी इन्सिडेंट रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

किसन बाहेर पायरीवर बसला होता. अंगावरचा चिखल वाळलेला. "हात येल ना, ताई?"

"बहुतेक नाही," मी म्हटलं. खोटं सांगून काही होणार नव्हतं.

सीझन संपल्यावर तो धरणावर परत गेला. मी अडवलं नाही.

आता बोटीवर माणूस घेताना मी किती वर्षांचा अनुभव हे नंतर विचारते. कुठल्या पाण्याचा, हे आधी. आणि बोट खोल पाण्यातच नांगरलेली असते. त्यामुळे जार डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यावं लागतं. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.