कात्रीआक्काची सभा

हेडमास्तरांनी टेबलावर सदरा उलगडला आणि गुंडी लावून दाखवायला गेले. गुंडी नुसतीच बोटात फिरत राहिली. समोरच्या पट्टीवर काजच नव्हतं. एकाही गुंडीला काज नव्हतं. असे बारा सदरे त्यांनी गठ्ठ्यातून काढले आणि म्हणाले, "पंधरा ऑगस्टला माझी बारा मुलं सेफ्टीपिना लावून झेंड्यापुढं उभी होती. पाहुणे हसले."

शिवणकेंद्राच्या खोलीत आम्ही चौदा बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होतो. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "हा गठ्ठा कुणाचा?"

गठ्ठा माझा होता. मी बोलले नाही. माझं नाव निघालं असतं तर त्याच दिवशी मी घरी गेले असते, आणि तेव्हा घरात पगार आणणारी मी एकटीच होते.

आक्का पुढं झाली. तिनं एक सदरा उचलला, चष्मा कपाळावर सारला, एक गुंडी डोळ्यांजवळ नेली, उलटून मागचे टाके पाहिले. मग सदरा खाली ठेवला आणि म्हणाली, "माझा हाय."

"तुमचा कसा? तुम्ही तर कापड कापता. काजं-गुंड्या तुम्ही कधी केल्यात?"

"कापला मी, वाटून दिला मी, न उघडता गाडीत चढवला मी. मग दुसऱ्या कुणाचा?"

तिला पेठेत सगळे कात्रीआक्का म्हणत. नवरा शिंपी होता. तो गेला आणि मागं एक हातभर लांब, लोखंडी कात्री ठेवून गेला. ती आक्का कुणाला हात लावू देत नसे. एकदा अध्यक्षीणबाईंनी उद्घाटनाची फीत कापायला मागितली, तर म्हणाली, "फितीला ब्लेड पुरंल की, बाई." केंद्रात कटिंग तिच्याकडं होतं. शिवणाऱ्या आम्ही चौदा. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मी चौथी पास, म्हणून हजेरीपुस्तक माझ्याकडं.

मी गेले तेव्हा कामाची रीत अशी होती. सकाळी दहाला सगळ्यांनी हजर. मग प्रार्थना, मग हजेरी, मग बाईंची सभा. बाई वकिलाच्या घरच्या. मागच्या दिवशीच्या सभेत काय झालं ते आज वाचून दाखवायच्या, आणि आज काय झालं ते उद्या वाचायचं म्हणून लिहून घ्यायच्या. साडेअकरा वाजायचे. दुपारी चारला परत सभा. बाई वाईट नव्हत्या. घरात त्यांचं कोण ऐकत नसावं, असं आम्हाला वाटे.

दहालाच पेठेत नळाला पाणी यायचं. आमच्यातल्या रंगूची म्हैस होती. संध्याकाळी कट्ट्यावर उभं राहून लोक धारेचं दूध प्यायचे, तिथं तिला चारला म्हैस घेऊन निघावं लागे. माझी सासू उचगावात आमच्या घरी कंबर मोडून अंथरुणावर पडलेली. नवऱ्याचं फाउंड्रीतलं काम सुटलेलं, आणि आईला कुशीवर वळवणं हे काम त्याला कधी दिसलंच नाही. दर तीन तासांनी तिला वळवायला लागे, नाहीतर पाठ फुटते असं डॉक्टरनं सांगितलेलं. मी सभेत बसून प्रार्थना म्हणायची आणि सासूची पाठ डोळ्यांपुढं यायची.

मग बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, दोन महिन्यांसाठी. केंद्र आक्काच्या ताब्यात आलं. पहिल्या दिवशी दहाला आम्ही रोजच्या सवयीनं सतरंजीवर बसलो. आक्का कापड अंथरत होती. वर न बघता म्हणाली, "काय गं, कुणाचं दिवस घालाय बसलाईसा?"

"सभा हाय की," रंगू म्हणाली.

"मशिनी आठ, बाया चौदा. समद्या एकदम आल्यावर सहा जणी काय मशीनची आरती करणार? उठा. प्रार्थना मनात करायची, मशीन पायानं. झाली सभा."

तेवढ्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराकडून भिंतीत चौदा खुंट्या ठोकून घेतल्या, प्रत्येकीला एक. कापलेला गठ्ठा तुमच्या खुंटीला लावलेला असायचा. तुम्ही या सकाळी, या दुपारी, इथं मशीनवर बसा नाहीतर हातकाम घरी न्या. गठ्ठा पुरा झाला की खुंटीवर पांढरी चिंधी बांधायची. कुठं अडलं, माप चुकलं, घरचं काही निघालं, तर तांबडी चिंधी. तांबडी दिसली की जिचा हात मोकळा असेल तिनं तो गठ्ठा उतरवायचा. का म्हणून विचारायचं नाही. लिहिणं नको, वाचणं नको. खोलीत पाऊल टाकलं की भिंतीकडं बघून कळायचं, कुणाचं काय चाललंय.

काही बोलायचंच असलं तर सोमवारी सकाळी. आक्का थान पसरायची, कात्री लावायची आणि म्हणायची, "कात्री टोकाला पोचूस्तोवर काय ते बोला." आम्ही टेबलाभोवती उभ्या. कात्री कापडातून निघायची करकर, करकर. तेवढ्यात जिला जे सांगायचं ते सांगून टाकायचं. टोकाला कात्री मिटली की सभा मिटली. सारजा म्हणून एक बाई होती, तिला नमनाला घडाभर तेल लागायचं. ती "परवा काय झालं, माझी नणंद आलती," म्हणेपर्यंत अर्धं थान कापून व्हायचं. आक्का म्हणायची, "सारजे, तुझी नणंद पुढल्या सोमवारी आण. आज कापड सपलं."

आमचं काम वाढलं. बाई परत आल्या तेव्हा मागं पडलेल्या सगळ्या ऑर्डरी पुऱ्या झालेल्या होत्या, त्यामुळं त्यांना बोलता आलं नाही. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. बाई येता-जाता तिच्याकडं बघायच्या.

आक्काचा एक हट्ट होता. पांढरी चिंधी बांधलेला गठ्ठा ती उघडून बघत नसे. मी एकदा म्हणाले, "आक्का, एक नजर टाकत जावा की."

"उघडायचाच असंल तर चिंधी कशापायी? तू झालं म्हंतीस न् मी सोडून बघतो, म्हंजे तू लबाड का मी?"

तिचं हे बोलणं मला तेव्हाही पटलं होतं. आजही पटतं. पण तिची जीभ वाईट होती, हेही लिहिलं पाहिजे. ती कुणाला घरचं विचारायची नाही, उशिरा का आलीस म्हणायची नाही, पण टोमणा सोडायची नाही. त्या पावसाळ्यात सासूचं जास्त झालं होतं. माझ्या खुंटीवर आठवड्यात दोनदा तांबडी लागली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "शेवंते, रोज तांबडी? देवीची ओटी भराय काढलीस काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी तांबडी चिंधी बांधली नाही.

पंधरा ऑगस्टसाठी नदीपलीकडच्या एका शाळेची ऑर्डर होती. गाडी चौदा तारखेला यायची होती. बारा तारखेला माझ्या बारा सदऱ्यांना गुंड्या लावून झाल्या होत्या, काजं राहिली होती. उचगावहून निरोप आला, सासूला ताप भरलाय. गठ्ठा घरी न्यावा तर तिथं ओलीचिंब घोंगडी आणि अंथरूण धुण्यात दिवस जाणार. तांबडी बांधावी तर परत ओटी निघणार. मी विचार केला, उद्या दुपारी येऊन बसते, दीड दिवस आहे, बोटं झिजवून काजं करते. आणि पांढरी बांधून निघाले.

तेरा तारखेला सकाळीच पंचगंगेचं पाणी चढायला लागलं. पूल बंद व्हायच्या आत कपडे न्यावेत म्हणून शाळेची गाडी एक दिवस आधीच आली. आक्कानं पांढऱ्या चिंध्या सोडून डब्यात टाकल्या आणि गठ्ठे चढवले. मी दुपारी पोचले तेव्हा माझी खुंटी मोकळी होती. तेव्हाही मला सांगता आलं असतं. गाडी नदीपलीकडं गेली होती, पूल बंद झाला होता, सांगून काय होणार, असं मी मनाला समजावलं. मनाला काय, काहीही समजावता येतं.

आठवड्यानं पूल उघडला आणि हेडमास्तर गठ्ठा घेऊन आले. पुढचं वर सांगितलंच आहे.

हेडमास्तर गेल्यावर बाईंनी कोपऱ्यातली सतरंजी स्वतः उलगडली. म्हणाल्या, "उद्यापासून दहाला सभा. प्रत्येक गठ्ठा सभेत उघडून दाखवायचा. आणि त्या खुंट्या काढा."

आक्का म्हणाली, "चूक एका गठ्ठ्याची झाली, बाई. चुकल्या गठ्ठ्याला काजं घाला. बाकीच्या बायांना कशाला बांधून घालता?"

"शिस्त नको का?"

"शिस्त हुतीच की. भिंतीवर लावल्याली."

बाईंनी मान फिरवली. आक्कानं टेबलावरची कात्री उचलून पदरात गुंडाळली. "सभंला मी बसत न्हाय. कात्री माझी हाय, घिऊन जातो." दारात थांबली नाही, मागं वळून बघितलं नाही. रंगू रडायला लागली. मी सदऱ्यांचा गठ्ठा उचलला आणि काजं करायला बसले. कुणी विचारलं नाही, तूच का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दहाला प्रार्थना झाली. दिवाळीपर्यंत रंगू गेली, सारजा गेली, पाण्याचा नळ ज्यांच्या दारात नव्हता त्या सगळ्या गेल्या. नव्या आल्या. मी राहिले. सकाळी नऊला सासूला वळवायची ते थेट संध्याकाळी सहाला. नवरा सांगूनही विसरायचा. तिची पाठ फुटली. संक्रांतीच्या आधी ती गेली. त्यात माझा दोष किती, नवऱ्याचा किती आणि सभेचा किती, हे मी मोजत बसले नाही. त्या घरात मोजायला कुणाला सवड नव्हती.

सासूचे दिवस झाल्यावर मी पेठ वडगावला गेले. आक्का तिथं भावाकडं राहत होती, बाजाराच्या रस्त्याला झंपर शिवत होती. मला बघून म्हणाली, "ये. सभा सुटली व्हय?"

मी उभ्यानंच सांगितलं, "आक्का, गठ्ठा माझा होता."

"ठाव हाय."

"कसं?"

"गुंडीला समद्या चार टाकं घालत्यात. तू पाच घालतीस. येडी हायस. पाचव्याची गरज नसती."

"मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?"

तिनं झंपराची बाही पुरी केली, दोरा तोडला. "आदी मला सांग. तांबडी का बांधली न्हाईस?"

"तुमी सगळ्यांत मला हसलासा म्हणून."

"मंग?" ती म्हणाली. "तांबडी म्हंजे हात दे. ती बांधाय तुला लाज वाटली, ती माझ्या तोंडापायी. बाईंची सभा मी मोडली, न् सभंत जे हुतं तेच मी खुंटीवर केलं. चार बायकांत एकीला उभं केलं. तुझं नाव घिऊन काय करू? काजं तुझी राहिली, पर चिंधी माझी सुटली."

मी रडले नाही, तीही नाही. तिनं च्या केला. पावशेर साखर घातल्यासारखा गोड होता, पिववला नाही. निघताना म्हणाली, "चार टाकं घालत जा. दोरा वाचंल." त्यानंतर आमची भेट झाली नाही. ती कधी गेली ते मला दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात कळलं, जेवणाच्या पंगतीत.

मी त्या केंद्रात आणखी नऊ वर्षं काढली. रोज दोन सभा. तेवढ्या वेळात किती थानं कापून झाली असती हा हिशेब मी सतरंजीवर बसल्या बसल्या करायची, मग तोही सोडला. कंटाळा आला की माणूस हिशेबसुद्धा सोडतो. पुढं केंद्र बंद पडलं. बंद करायचं का, यावरही तीन सभा झाल्या.

आता माझी सून बायकांच्या गटाची पुढारी आहे. त्या बायका आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, बसतात आणि उठत नाहीत. मी आतून ओरडते, "कात्री पोचली का टोकाला?" त्यांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. मी समजावून सांगत नाही. पण एक मात्र बघते. एखादी बाई मागं बसून गप्प असली, तर बाकीच्यांना च्या करायला आत पाठवते आणि तिला एकटीला विचारते, तुझं काय अडलंय.

हेडमास्तर आले त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौदा जणी, आक्का आणि अध्यक्षीणबाई होतो. त्यांतली आज मी एकटी उरले आहे. गुंडीला अजून पाच टाके घालते.